लिफ्ट थांबेपर्यंत

काचेचं दार लावल्यापासून अकराव्या सेकंदाला आमच्या तराजूचा शेवटचा आकडा स्थिर होतो. तेही भिंतीपलीकडची लिफ्ट उभी असेल तरच. लिफ्ट हलली की चौथा दशांश तीनने वर जातो, मग दोनने खाली येतो, आणि लिफ्ट थांबल्यावरही आणखी नऊ सेकंद घुटमळतो. बाकीच्यांना तो आकडा लहरी वाटतो. मला त्याचं वागणं पाठ आहे. सहा वर्षं मी ते एका वहीत टिपून ठेवलंय.

या रसायनशाळेत मी तंत्रसहाय्यक आहे. एमएस्सी नोकरी सांभाळून, बाहेरून केली. संशोधन करणारी मुलं आपापल्या कुप्या घेऊन माझ्यापुढे रांग लावतात. "ताई, तेवढं वजन करून दे ना." त्यांच्यातल्या एकाला आम्ही दशांश म्हणतो, कारण तो जेवायला जातानाही 'शून्य पूर्णांक पंचाहत्तर तासात येतो' असं सांगून जातो. मी भिंतीला तळहात लावते, लिफ्ट थांबल्याची खात्री करते आणि मगच कुपी आत ठेवते. पुढे त्यांचे शोधनिबंध छापून येतात. शेवटच्या ओळीत 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार' असं असतं. कुणाचे, ते लिहायला जागा उरत नाही.

आमच्या विभागाला दरवर्षी बाहेरच्या एका संस्थेकडून एक शिष्यवृत्ती मिळते. ज्यांच्या घरातलं त्यांच्याआधी कुणीही कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यांना डॉक्टरेट करता यावी म्हणून. वयाची अट पस्तीस. पुढच्या महिन्यात मला पस्तीस पूर्ण होतात.

सलग तीन वर्षं मी अर्ज भरून सरांकडे सहीसाठी दिला. सर विभागप्रमुख. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ते चहा मागवायचे, "तू या लॅबचा कणा आहेस," म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की बघू," म्हणत अर्ज खणात सरकवायचे. तिन्ही वर्षं सूचनाफलकावर कागद लागला: योग्य उमेदवार न मिळाल्याने जागा परत. तिसऱ्या वर्षीचा कागद मीच चार पिना टोचून लावला, अगदी सरळ.

या आठवड्यात मी चौथा अर्ज घेऊन घरी बसले होते. वडील घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि शिष्यवृत्तीचं माहितीपत्रक मागून घेतलं. शाळा त्यांनी सातवीत सोडली, पण वाचायला घेतलं की पानाचा कोपराही सोडत नाहीत. डोळ्यात भिंग अडकवून ते शेवटच्या पानाच्या तळाशी पोचले, तिथे अक्षर मोहरीएवढं होतं.

"हे वाचलंस?"

उमेदवाराने अर्ज थेट संस्थेकडे पाठवावा, विभागाची सही निवड झाल्यावर लागेल, असं तिथे स्पष्ट छापलेलं होतं.

मी वाचलं नव्हतं. सही आधी लागते, हे मला सरांनी सांगितलं होतं. ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाचीही तीनदा खात्री करणारी मी, त्या एका वाक्यावर तीन वर्षं विसंबून राहिले. कान तापले माझे.

बाबा हसले नाहीत. "बंद पडलेलं घड्याळ घेऊन लोक येतात ना, तेव्हा मी आधी किल्ली देऊन बघतो. निम्म्या वेळा बिघाड तेवढाच असतो."

"म्हणजे तुम्ही मला वेडी म्हणताय."

"नाही गं. गिऱ्हाईक म्हणतोय."

आई आतून म्हणाली, लग्नाचं वय गेलं ते गेलं, निदान हे वय तरी हातचं घालवू नकोस. एरवी या विषयावर आमचं वाजलं असतं. त्या दिवशी मला तिचं म्हणणं पटलं. बाबांनी भिंग काढून ठेवलं आणि एवढंच सांगितलं की अर्ज गुपचूप पाठवून मागच्या दाराने निघून जायचं नाही. बोलायचं तिथेच, चारचौघांत.

शुक्रवारी सकाळी मी अर्ज पाठवला. दुपारी विभागाची बैठक होती. बैठकीत मी नेहमी दाराशी उभी असते, खुर्च्या संशोधकांना पुरतात. आज दशांशशेजारची खुर्ची ओढून बसले.

तो कानाशी कुजबुजला, "ताई, इथे सर बॅग ठेवतात."

"आज मांडीवर ठेवतील."

सर आले. खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बॅग खरंच मांडीवर घेऊन बसले. रसायनांची मागणी, बिघडलेला पंप, पाहुण्यांची भेट, एकेक विषय संपत गेला. शेवटी ते म्हणाले की शिष्यवृत्तीसाठी यंदाही योग्य उमेदवार नाही, जागा परत पाठवावी लागेल. मग नेहमीचं वाक्य आलं, "कुणाला काही बोलायचंय?" या प्रश्नाला उत्तर द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. त्यांनी कागद गोळा करायला घेतलेही.

मी वही दशांशपुढे सरकवली. "लिफ्टचं सगळं यात लिहिलंय. सोमवारपासून तुमची वजनं तुम्ही करा."

त्याने वही उघडली, दोन पानं उलटली आणि आकड्यांवर बोट फिरवत वाचायला लागला.

"हे काय नवीन?" सर म्हणाले. आवाज अजून गोडच होता. "लॅब कोण चालवणार मग? अगं, कणा आहेस तू आमचा."

"कणा पाठीत असतो, सर. त्याला कुणी समोर बसवत नाही."

कुणीतरी खोकलं. भिंतीपलीकडे लिफ्ट सुरू झाली. टेबलावर टेकवलेल्या तळहाताला मला ती जाणवली. सहा वर्षांच्या सवयीने मी थांबले असते. थांबले नाही.

"जागा परत पाठवू नका. अर्ज मी आज थेट पाठवलाय. योग्य उमेदवार मी आहे, आणि मी डॉक्टरेट करणार आहे."