कागदाची मागची बाजू

आपण लिहिलेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून मोठ्यानं ऐकण्याची लीलाधर नानांची चौसष्ट वर्षांतली ही पहिलीच वेळ होती, आणि ती आली जळगावच्या कोर्टात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात.

“‘विहीर रुग्णास बोलावते,’” वकील वाचत होते. “‘पाण्याच्या तळातून बाळ हाका मारते, आणि रुग्ण काठावर उभी राहून त्या हाकेला ओ देते.’” वाचून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “नाना, अक्षर तुमचंच ना?”

“हो.”

“सुरेख आहे.”

नानांनी लाकडी कठडा घट्ट धरला. समन्स हातात पडलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, शिक्का ओळखायचा, सही ओळखायची आणि दुपारच्या एस.टी.नं धुळ्याला परतायचं. कागदावरचा मजकूर कोणी वाचेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

समोरच्या बाकावर कुंदाबाई पदर आवळून बसली होती. दुसऱ्या टोकाला तिचा नवरा जीवराम. चाळीसगावात त्याचं मोटारपंपांचं दुकान. बायको वेडी आहे, घटस्फोट द्या आणि मुलगी माझ्या ताब्यात द्या, असा त्याचा दावा. सहा वर्षांची मीना बाहेर व्हरांड्यात कुंदाबाईच्या आईजवळ बसली होती. ती कोणाकडे जाणार, हे या कागदावर येऊन ठेपलं होतं.

हा कागद नानांनी लिहिला तीन वर्षांपूर्वी, धुळ्यात.

वाचनालयातली एकतीस वर्षांची नोकरी संपल्यावर नाना घरी बसले आणि दोनच महिन्यांत घरच्यांना जड झाले. तेवढ्यात एका ट्रस्टनं धर्मशाळेच्या दोन खोल्यांत बायकांसाठी दवाखाना सुरू केला. दर गुरुवारी नाशिकहून डॉक्टरीणबाई येत. झोप नाही, रडू थांबत नाही, कशातच मन लागत नाही, अशा बायकांशी त्या आतल्या खोलीत दार लावून बोलत. बाहेरच्या खोलीत नाना टेबल घेऊन बसत आणि केसपेपर लिहीत. नाव, वय, गाव, तक्रार. खाली दोन रकाने होते: माहिती देणार, आणि नाते. सोबत घरचं माणूस असल्याखेरीज कागद काढायचा नाही, हा ट्रस्टचा नियम होता.

त्यामुळे बोलायचं ते सोबतच्या माणसानंच. सासू म्हणे, “कामाला हात लावत नाही.” नवरा म्हणे, “उलटून बोलते.” नाना लिहीत, ‘कामात लक्ष नाही. चिडचिड.’ जिच्या नावाचा कागद, ती बाई पायाच्या अंगठ्याकडे बघत राही. यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. नानांनाही नाही.

एका गुरुवारी केसरबाई दारातूनच म्हणाली, “नाना, हाई बाई एकलीच येल शे. सोबत कोनी नही.” केसरबाई दवाखान्यात झाडलोट करी, रांग लावी आणि नानांना धाकात ठेवी.

ती कुंदाबाई होती. चाळीसगावच्या पॅसेंजरनं आली होती. घरी सांगितलं होतं, धुळ्याला आईकडे जाते. आईलाही दवाखान्याचं ठाऊक नव्हतं.

“सोबत कोणी हवं, बाई,” नाना म्हणाले. “नियम आहे.”

“भाऊ, सोबत कोणाला आणायला जमायचं नाही मला.”

खानदेशातली कुठलीही बाई अनोळखी माणसाला भाऊच म्हणते. पण नाना भिडस्त. ‘नाही’ हा शब्द त्यांना कधी धड बोलता आला नव्हता. त्यांनी खालच्या रकान्यांत स्वतःचं नाव लिहिलं आणि नात्यासमोर लिहिलं, भाऊ. मग म्हणाले, “सांगा.”

ती सांगू लागली. धाकटी मुलगी आठ महिन्यांची होऊन तापानं गेली. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. भाजीत दोनदा मीठ पडतं. विहिरीवर गेलं की हंडा बाजूला राहतो, आपण पाण्यात बघत उभ्या. थोरलीनं हाक मारली की भानावर येते.

एवढंच ती म्हणाली होती. पण दवाखान्याच्या दीड वर्षात पहिल्यांदा एक बाई स्वतःच्या तोंडानं सांगत होती आणि नानांच्या अंगावर काटा आला होता. घरी त्यांच्या पेटीत त्यांनी लिहिलेल्या सात गोष्टी होत्या. एकही कुठं धाडायची छाती झाली नव्हती. त्या दिवशी हात आपोआप चालला. थोरलीची हाक कधी धाकटीची झाली, काठावरून पाण्याच्या तळाशी कधी गेली, त्यांना समजलंच नाही. पान भरलं.

“नाना, तुम्ही काय पोथी लिखी राहिनात का?” केसरबाई म्हणाली. “मांगे रांग दखा.”

कुंदाबाई आत गेल्यावर नानांनी पान तीनदा वाचलं. पेटीतल्या सातही गोष्टींत असं एक वाक्य नव्हतं.

पुढं ती बरेच गुरुवार आली. नानांना काही लिहावं लागलं नाही. डॉक्टरीणबाईच कागदाच्या मागच्या बाजूला इंग्रजीत बारीक बारीक नोंदी करत. ते अक्षर नानांना लागत नसे. हळूहळू तिचं येणं कमी झालं, मग थांबलं.

आणि एके दिवशी जीवराम आला. पांढरी विजार, पांढरा सदरा, बोलणं गोड. “नाना, कुंदाला जळगावच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंय. जुन्या कागदाची नक्कल मिळेल का?” ट्रंकेतल्या साड्यांच्या तळाशी सापडलेलं तिचं दवाखान्याचं कार्ड त्याच्या हातात होतं. नवऱ्यानं कागद मागितला तर तो द्यायचा नसतो, असं नानांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी विश्वास बसला नसता. त्यांनी चहा मागवला, स्वच्छ अक्षरात पुढची बाजू उतरवली आणि ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारला. मागची बाजू वाचता येईना, म्हणून सोडून दिली.

जीवरामनं उभ्या उभ्या वाचलं. “फार छान लिहिता हो तुम्ही,” तो म्हणाला.

त्या दिवशी नाना घरी गेले ते हवेत तरंगत. लिहिलेलं कोणीतरी वाचलं होतं आणि छान म्हटलं होतं. आता पिंजऱ्यात उभं राहून त्यांना ते आठवलं.

“कागदावर तुम्ही यांचे भाऊ आहात,” जीवरामचे वकील म्हणाले. “सख्खे की चुलत?”

“कोणीच नाही. एकट्या बाईचा कागद निघत नव्हता, म्हणून लिहिलं.”

“बरं. आणि हे बाळ, ही विहीर? हे तर बाईंनीच सांगितलं ना?”

‘हो’ म्हटलं की संपलं असतं. बाई वेडी ठरली असती, पण नानांच्या लिहिण्यावर कोणी बोट ठेवलं नसतं. नानांनी कुंदाबाईकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती, दवाखान्यात येणाऱ्या सगळ्या बायका बघत तशी.

“नाही,” ते म्हणाले. “तेही मीच लिहिलं. बाई म्हणाल्या, विहिरीवर उभी राहते, थोरलीनं हाक मारली की परत येते. एवढंच. बाकीचं माझं.”

टाइपरायटरची टकटक थांबली. न्यायाधीशांनी मान वर केली.

“वा,” वकील म्हणाले. “नातं खोटं, मजकूर खोटा आणि शिक्का ‘खरी नक्कल’. मग आज जे सांगताय ते खरं कशावरून?”

“कशावरूनच नाही, साहेब,” नाना म्हणाले.

कोणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. मूळ कागद वीस तारखेला हजर करा, असं त्यांनी सांगितलं आणि पुढच्या खटल्याचा पुकारा झाला.

बाहेर येऊन नाना निंबाच्या पारावर बसले. कुंदाबाई येताना दिसली तेव्हा उठून निघून जावं असं त्यांना वाटलं. पण ते बसून राहिले.

“चुकलं माझं, बाई,” ते म्हणाले. “पण मूळ कागदाचं भय नको. मागं डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय, त्यात माझं हे वाक्य नसणार.”

“ती मागची बाजू तुम्ही वाचलीय?”

“इंग्रजी आहे. अक्षर लागत नाही.”

व्हरांड्यात मीना आजीच्या मांडीवर बसून शेंगा सोलत होती. तिकडे बघत कुंदाबाई म्हणाली, “नाना, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?”

“काय?”

“धाकटी हाक मारते, ते.”

नाना उठून उभे राहिले.

“मी कोणाला बोलले नव्हते. आईला नाही, यांना नाही. तुम्हालाही नाही. तुमच्यासमोर थोरलीचं नाव घेतलं, कारण खरं सांगितलं असतं तर तुम्ही कागदच काढला नसता. चार गुरुवार गेल्यावर डॉक्टरीणबाईंना सांगितलं. खालून हाक येते, म्हटलं, आणि मी ओ देते. त्यांनी सगळं मागच्या बाजूला लिहिलंय. आज वकिलानं वाचलं तेव्हा मला वाटलं, बाईंनीच तुम्हाला सांगितलं असेल.”

“नाही,” नाना कसेबसे म्हणाले. “मला कोणी नाही सांगितलं.”

कोर्टाच्या आवारातली गडबड एकदम लांब गेल्यासारखी झाली. ज्या वाक्याला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शाबासकी दिली होती, ते आत्ता शपथेवर खोटं म्हणून टाकून आले होते. आणि ते खरं होतं.

“मग मी आत खोटी साक्ष दिली?”

“खोटी कशी? मी तसं म्हणाले नव्हते, हे खरंच आहे.”

“बाई, ऐका. तो मूळ कागद आला तर तुमचं संपेल. मीनाही जाईल. वाळवी लागली म्हणून सांगतो, हरवला म्हणून सांगतो. माझी आता काय अब्रू राहिलीय?”

“नको,” ती म्हणाली. “हाक थांबली तेही त्याच बाजूला लिहिलंय. तारीख टाकून. बाईंनी मला वाचून दाखवलं होतं. पुढच्या बाजूला मी आजारी आहे, नाना. बरी झालेली मी मागच्या बाजूला आहे. यांना तुम्ही अर्धा कागद दिलात. उरलेला अर्धा मी मागतेय.”

गुरुवारी नानांनी दवाखान्याच्या कपाटातून कागद काढला. डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. रागावल्या नाहीत, तेच नानांना जास्त लागलं. त्या एकेक ओळ मराठीत सांगत गेल्या आणि नाना लिहीत गेले. एका ठिकाणी बरा शब्द सुचला. लेखणी हवेतच थांबली, आणि त्यांनी बाईंचाच शब्द लिहिला.

वीस तारखेला न्यायाधीशांनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला. पुष्कळ वेळ घेतला. जीवरामचे वकील उठले आणि म्हणाले, “बघा साहेब, हाका तर खऱ्याच निघाल्या. साक्षीदार दोन्हीकडून खोटा.” नाना मागच्या बाकावर होते. त्यांनी मान खाली घातली.

न्यायाधीशांनी वकिलांना हातानंच बसायला सांगितलं. “कुंदाबाई,” ते म्हणाले, “अजून हाक ऐकू येते?”

तिचे वकील पुढं झुकून काही कुजबुजले. नको, बोलू नका, असंच असावं. ती उठून उभी राहिली.

“येते,” ती म्हणाली.

जीवरामनं आपल्या वकिलाकडे बघितलं.

“मीनाची येते, साहेब. सकाळी, वेणी घालायला. शाळेची घंटा व्हायच्या आत दोन वेण्या घालाव्या लागतात. मग हाकेवर हाक.”

न्यायाधीशांनी काहीतरी टिपून घेतलं. बरंच लिहिलं. निकाल लागेतो मुलगी आईजवळच राहील, असं म्हणून त्यांनी पुढची तारीख दिली.

परतीच्या एस.टी.त नाना खिडकीशी बसले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. सदऱ्याच्या खिशात पेन होतं आणि छोटी वहीही होती. कुंदाबाई कोर्टात वेण्यांचं बोलली, ते त्यांना शब्द न शब्द आठवत होतं. त्यांनी वही काढली नाही.