शेजारचा ब्रेक

गाडी शिकायला येणाऱ्या लोकांची मला किळस येते. वीस वर्षं त्यांच्या शेजारी बसतोय, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला आहे. गाडी कुणालाच शिकायची नसते, सगळ्यांना लायसन्स हवं असतं. आरसा केस नीट करायला, हॉर्न शिव्या द्यायला. आणि झेब्रा क्रॉसिंगवर पाऊल टाकणारा माणूस म्हणजे यांच्या वाटेतली धोंड.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांना दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा माझ्या. माझा अडीअडचणीसाठी. पण मालकाने पहिल्याच दिवशी कानमंत्र दिला होता, "गिऱ्हाईक घाबरलं की पळतं. तू गुपचूप दाबत जा. त्याला वाटू दे, आपल्यालाच जमलं."

मी दाबत आलो. कुत्रं आडवं आलं, दाब. सिग्नल लाल झाला, दाब. गाडी अलगद थांबायची आणि शेजारचं ध्यान खुशीत यायचं, "जमलं की हो सर!" मी मनात शिव्या द्यायचो. तोंडाने मात्र "छान" म्हणायचो. पगार घेत होतो ना.

मग भाची शिकायला आली. ताईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, आणि रिक्षाच्या धक्क्यांनी तिचा जीव अर्धा होतो. भाचीने जुनी का होईना, गाडी घेतली. ताई म्हणाली, "घरचा मास्तर असताना बाहेर कशाला?"

घरचा मास्तर! भाचीलाही मी इतरांसारखंच शिकवलं. ठरवून नव्हे, पाय आपोआप जायचा. परीक्षेच्या दिवशी आरटीओचे साहेब मागे बसून मोबाइल चाळत होते, तेव्हासुद्धा गेला. ती पहिल्या फटक्यात पास झाली आणि ताईने माझ्या तोंडात पेढा कोंबला. तो गिळताना मला स्वतःचीच शिसारी आली. या मुलीने आजवर एकदाही स्वतः गाडी थांबवली नव्हती, आणि हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

सोमवारपासून ती ताईला नेणार होती. रविवारी सकाळी मी म्हटलं, "चल, एक चक्कर मारू." मनाशी ठरवलं होतं, आज सांगायचंच. मोकळ्या मैदानावर न्यायचं, आठवडाभर नुसता ब्रेक घोटून घ्यायचा. तोवर ताई रिक्षाने जाईल.

"मामा, गप्प का तू?" आपली गाडी गल्लीतून बाहेर काढताना तिने विचारलं.

"काही नाही. समोर बघ."

आत्ता सांगू, पुढच्या वळणावर सांगू, असं करत तीन वळणं गेली. लाज वाटत होती, दुसरं काय! लोकांना अक्कल शिकवणारा मी, आणि काचेवरची धूळ पुसत बसलो होतो. रस्ते रिकामे होते, म्हणून निभावलं.

"आईला सांग हं, मी किती अलगद चालवते," ती म्हणाली.

"बाळा, ऐक. तुला एक सांगायचंय."

"बोल ना."

शाळेजवळच्या क्रॉसिंगवर एक म्हातारी उतरली. हातात कापडी पिशवी, नजर समोर. चांगली वीस पावलं लांब होती. शिकाऊ माणसालाही आरामात थांबता आलं असतं.

मी दाबला.

गाडी तशीच पुढे गेली. मी आणखी जोर लावला, गुडघ्यात कळ आली. मग धप्प आवाज झाला. भाची किंचाळली आणि इंजिन आचके देत बंद पडलं.

म्हातारी रस्त्यावर बसली होती. पिशवीतले कांदे गडगडत गटारापर्यंत गेले होते. तिचा पाय घोट्यापाशी भलत्याच दिशेला वळला होता आणि ती त्याच्याकडे नुसती बघत होती. दोघे जण धावत आले. एकाने तिला धरलं, दुसऱ्याने आधी मोबाइल काढला. एरवी मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आज तोंडच नव्हतं.

भाचीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर गोठले होते. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नजरेत अपराध नव्हता, नुसतं नवल होतं.

"मामा, गाडी का नाही थांबली? नेहमी थांबते ना."

मी खाली पाहिलं. माझा पाय अजून रिकाम्या मॅटवर सगळ्या जोरानिशी दाबलेलाच होता.