उजवीकडचा खिसा

थोरलीच्या घरात एक वाक्य गेली तीस वर्षं रोज ऐकू येत होतं. "माझ्या हातून एक टाका कधी चुकला नाही." भाजीत मीठ जास्त पडलं की हे वाक्य, सुनेनं पडद्याची दुमड तिरकी घातली की हे वाक्य. सुनेला ते इतकं पाठ झालं होतं, की सासूनं नुसता श्वास घेतला तरी ती म्हणायची, "हो आई, टाका."

आणि आज शाळेच्या समारंभात, पहिल्या रांगेत बसल्याबसल्या थोरलीला तेच वाक्य नडत होतं.

सकाळी चहा पिताना नातीनं सहज सांगितलं होतं. नात त्याच शाळेत शिकवायची. "आजी, यंदापासून गणवेश तयार शिवून येणार. खिसा डावीकडे, सगळ्या जगासारखा. आपल्याच शाळेचा उजवीकडे का, हे कुणालाच ठाऊक नाही. जुनी कपाटं धुंडाळली, कुठे एक ओळ नाही. हेडसर म्हणाले, कारण नसेल तर बदलून टाकू. आज समारंभ उरकला की कागदावर सही."

"कारण नाही, असं कोण म्हणतं?"

"का, तुला माहितीये?"

"मला काय माहीत असणार! मी दुसरी नापास," थोरली म्हणाली आणि चहा तसाच ठेवून उठली.

माहीत होतं. तिला एकटीलाच माहीत होतं.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी पोत्यांचा कारखाना बंद पडला आणि तिथली चाळीस कुटुंबं बोचकी उचलून या गावात आली. गोदामांच्या मागं रिकाम्या जागेत पत्रे ठोकले. यांचं बोलणं गावाला विचित्र वाटायचं. गाव खिडकीच्या फटीतून बघायचं आणि खिडकी लावून घ्यायचं. दार उघडलं ते फक्त याच शाळेनं. तिथल्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, उंच आणि काटकुळ्या, खांद्यावर कायम खडूची भुकटी.

"मुलांचे दाखले?" बाईंनी विचारलं.

"ट्रंकेत होते. ट्रंक वाटेत गेली."

"मुलं तरी आणलीत ना? मग बसवा वर्गात."

वर्ष निम्मं सरलेलं, बाकं कमी. एकतीस पोरं व्हरांड्यात बसली. आठवड्यानं बाई स्वतः वस्तीवर आल्या. सोबत शर्टांचं कापून आणलेलं कापड आणि नमुन्याला एक तयार शर्ट. "कुणाला शिवता येतं का?"

"अख्खी हयात शिवण्यातच गेली बाई," थोरली ठसक्यात म्हणाली. काय शिवण्यात गेली, ते तिनं सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

हयात गेली होती पोती शिवण्यात. पोतं उलट्या अंगानं शिवायचं आणि शेवटी सुलटं करायचं, म्हणजे शिवण आत जाते. तिच्या हातांना दुसरी रीतच ठाऊक नव्हती. तिनं नमुन्याचा शर्टही सवयीनं उलटा करून जमिनीवर अंथरला. पुढची पट्टी, बाह्या, कॉलर यांचे तुकडे आपापल्या जागीच बसणारे, तिथं चुकायला वाव नव्हता. खिसा मात्र नुसता चौकोन, कुठंही बसतो. उलट्या शर्टावर त्याची शिवण ज्या अंगाला दिसली, त्याच अंगाला, सुलट्यावर डावं-उजवं बदलतं हे ध्यानात न घेता, थोरलीनं नव्या कापडांच्या सुलट्या बाजूवर खडूची खूण केली आणि बायकांना म्हणाली, "चला गं, हात चालवा." सात बायकांनी दोन दिवसांत एकतीस शर्ट शिवले. टाका असा घट्ट, की त्यात धान्य भरून पाठीवर टाकलं असतं तरी उसवला नसता.

सोमवारी पोरं प्रार्थनेला उभी राहिली. गावातल्या पोरांचे खिसे डावीकडे, वस्तीतल्या पोरांचे उजवीकडे. "उलट्या खिशाची आली रे!" कुणीतरी हसलं. फाटकाशी उभ्या थोरलीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

मोठ्या बाई रांगेतून चालत आल्या. एका पोराचा खिसा त्यांनी चिमटीत धरून ओढून पाहिला. "शिवण पक्की आहे," एवढंच म्हणाल्या.

मंगळवारी बाईंची स्वतःची मुलगी आली ती खिसा उजवीकडे घेऊन. डावीकडचा उसवलेला, तिथं न विटलेल्या कापडाचा गडद चौकोन. बुधवारी आणखी दोन मास्तरांची मुलं. महिन्याभरात सगळ्या शाळेच्या छातीवर ते गडद चौकोन दिसू लागले. विचारायला आलेल्या पालकांना बाई म्हणायच्या, "आमच्या शाळेत उजवीकडेच असतो." पुढं बाई गेल्या, चौकोन विटले. थोरली मात्र मूग गिळून बसली ती बसलीच.

"आता वस्तीच्या आजी दोन शब्द बोलतील," हेडसरांनी पुकारलं.

नातीनं लिहून दिलेली चिठ्ठी थोरलीनं चुरगळली. समोर वस्तीतली पोरं बसली होती, म्हणजे आता टक्कल पडलेली. एक नर्स, एक बसड्रायव्हर, गावाचं निम्मं वायरिंग करणारा एक बोलघेवडा. त्यांच्यात सरमिसळ होऊन गावातलीही, कोण कुठलं ते ओळखू न येणारी. आणि तिसऱ्या रांगेत सून, कान टवकारून.

"तो उजवीकडचा खिसा," थोरली म्हणाली, "माझ्यामुळे आहे. चुकला होता. माझ्या हातून."

मग तिनं सगळं सांगितलं, पोत्यापासून. शेवटी हेडसरांकडे वळली. "बाईंनी नुसतं बोट दाखवलं असतं, तरी मी एकतीसच्या एकतीस खिसे उसवले असते. पण मग आमच्या पोरांना कळलं असतं, की आपल्या आयांना काही येत नाही. म्हणून त्या बाईनं गावाचे खिसे उसवले. कारण पाहिजे होतं ना तुम्हाला? हे घ्या कारण."

बसड्रायव्हरचा हात उजव्या छातीवर गेला, तिथं आज खिसा नव्हता तरी.

हेडसर म्हणाले, "आजी, सही अजून केलेली नाही."

"मग करू नका."

घरी जाताना सून वाटभर गालातल्या गालात हसत होती. थोरलीला ते सोसेना. "बोल बाई काय ते. पोटात ठेवू नकोस, फुगशील."

"काही नाही आई. एक टाका चुकला नाही म्हणत होतात, ते खरंच. एकदम एकतीस खिसे चुकले."

"टाके बरोबरच होते," थोरली म्हणाली. "बाईंनी ओढून पाहिलेत. जागा तेवढी चुकली."