अर्धा सेंटिमीटर

प्रतीक्षाला काही उमगेना. सकाळी येरमाळ्यातून निघताना बापानं दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं, तेव्हा ती बरोबर एकशे पंचावन्न सेंटिमीटर भरली होती. पोलीस भरतीला निदान तेवढी उंची लागायची. मैदानावर आधी पोरं मोजली. पोरी दिवसभर उन्हात उभ्या राहिल्या. चार वाजता तिचा नंबर आला आणि ती अर्धा सेंटिमीटर कमी भरली.

"सकाळी बरोबर भरले होते की, मॅडम."

"दिवसभर उभं राहिलं की सगळ्यांचीच उंची थोडी उतरते," माप घेणाऱ्या बाई म्हणाल्या.

"मग पोरांना का आधी घेतलं?"

"पोरं लई कालवा करतेत. पोरी गुमान थांबतेत."

प्रतीक्षा गोंधळून बाजूला झाली. शिस्तीलाही गुण असतील, असं समजून मागच्या पोरींना दिवसभर तीच गप करत होती.