जेव्हॉनच्या झाडाचे पाणी

जगात सिंहासने पुष्कळ झाली आणि राजेही पुष्कळ झाले. पण श्रीमंत आणि गरीब, पाद्रीबाबा आणि चोर, अशा सगळ्यांना ज्याच्यापुढे सारखेच नम्र व्हावे लागते असे आसन एकच. मित्रांनो, मी एक जुने, मानाचे आसन आहे. पांढरेशुभ्र अंग, निळी किनार, एका बाजूला कान.

खरे सांगायचे तर मी रात्री खाटेखाली ठेवायचे भांडे आहे. कशासाठी ठेवायचे, ते तुमच्या लक्षात आले असेलच. ज्यांना हसायचे आहे त्यांनी आत्ताच हसून घ्यावे, मी थांबते. पुढची गोष्ट गंभीर आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पत्र्याला आकार दिला, वर इनॅमल चढवले, भट्टीत भाजले आणि जहाजात घातले. जमैकाच्या दक्षिणेला, सेंट एलिझाबेथच्या तांबड्या मातीत, माझ्या आताच्या मालकीणबाई मिस आयसिल्डा यांच्या आईच्या लग्नात मी आहेर म्हणून आले. पुढे चाळीस वर्षे इमानाने नोकरी केली. त्या नोकरीबद्दल जास्त बोलत नाही. ज्यांची सेवा केली त्यांतला एक जण पुढे शाळा तपासनीस झाला, पण माझ्या तोंडून कधी कोणाचे काही बाहेर गेले नाही.

मग घरात संडास बांधला. आसपासची माणसे तो बघायला आली, आणि माझ्याकडे बघायचे सगळ्यांनी सोडून दिले. माझे झाकण कोंबड्यांच्या दाण्याच्या डब्यावर गेले. मला कुंपणाच्या खुंटावर पालथे घातले. पालथ्या भांड्याला जगातले एकच दृश्य दिसते, ते म्हणजे खुंटाचे टोक. मी ते सात वर्षे पाहिले.

आठव्या वर्षी मिस आयसिल्डाच्या भावाला मुलगा झाला. त्याचे नाव जेव्हॉन. आमच्याकडे बाळाची नाळ वाळून पडली की ती जमिनीत पुरतात आणि वर एक रोप लावतात. ते झाड त्या मुलाचे. आयसिल्डाबाईंनी घरामागच्या वाफ्यात, कांद्याची पात आणि थाइम नावाचा वासाचा पाला यांच्या ओळींशेजारी नाळ पुरली, वर नीरफणसाचे गुडघाभर रोप लावले आणि दहा वर्षांच्या भाचीला हाक मारली.

"नोव्हलेट, हे तुझ्या भावाचं झाड. ह्याला पाणी तू घालायचं."

"आणि आत्या, तू?"

"मी बघायचं."

"बाबा?"

"तो कलिंगडांना घालतो. कलिंगडं त्याची, थाइम आणि कांदे माझे, हे तुझं. हे वाढलं की जेव्हॉन वाढला असं समज."

हे शेवटचे वाक्य बाईंनी सहज टाकले, पण ते नोव्हलेटच्या मनात जाऊन बसले.

पावसाळा होता तोवर कोणालाच काही करावे लागले नाही, आणि सगळे स्वतःला उत्तम माळी समजू लागले. जानेवारीत पाऊस गेला. मार्चमध्ये घरची टाकी तळाला गेली. उरले ते पिण्याचे एक पिंप. झाडांसाठी पाणी आणायचे ते चर्चच्या वळणावरच्या टाकीतून. बादल्या सगळ्या कलिंगडांच्या शेतावर. बाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि मला खुंटावरून उचलले.

"आत्या, हे नाही," नोव्हलेट म्हणाली.

"का? भोक आहे?"

"भोक नाही."

"मग?"

"ते... ते आहे, आत्या."

"होतं. आता ते पाण्याचं भांडं आहे. मी घासून ठेवते. रोज सकाळी एक भांडं. गवत बाजूला करायचं, पाणी हळूहळू मुळाशी सोडायचं, गवत परत लोटायचं."

आमच्या भागात ऊन फार, म्हणून गिनी गवत कापून, वाळवून, झाडांच्या बुंध्याशी चांगले वीतभर जाड पसरतात. त्याच्याखाली ओल टिकते. गवत हे आमच्या शेतीचे पांघरूण, आणि पांघरुणाखाली काय चालले आहे हे बाहेरून कळत नाही. याचा अनुभव मला जुन्या नोकरीपासून होता.

पहिल्या दिवशी नोव्हलेट मला पोटाशी धरून वळणापर्यंत गेली. नेमकी शाळेची मुले तिथून चालली होती. ओनील नावाचा एक जाडगेला मुलगा थांबला.

"काय गं, रस्त्यातच लागली का?"

"पाणी न्यायला आलेय."

"बरोबर आहे. पाणी लागतंच." मग मागे वळून मित्रांना म्हणाला, "बाजूला व्हा रे, घाईत आहे ती."

मित्रांनो, मी कसलेले भांडे आहे, मला काही वाटले नाही. पण नोव्हलेटचे कान तापलेले मला कळले. भरलेले भांडे घेऊन ती धावली आणि निम्मे पाणी रस्त्यालाच मिळाले.

दुसऱ्या दिवशी ती गेलीच नाही. तोंड धुतलेले पाणी दुधाच्या एका छोट्या रिकाम्या डब्यातून आणून तिने ते नीरफणसाच्या गवतावर शिंपडले. गवत छान चमकले. आयसिल्डाबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले आणि म्हणाल्या, "शाबास. वेळेवर करतेस हं."

गवताखालची माती कोरडी ठणठणीत होती. ते मला माहीत होते आणि नोव्हलेटला माहीत होते. असे नऊ दिवस चालले. मी काही बोलले नाही, कारण कोणाचे गुपित बाहेर काढायचे नाही ही मला जन्माची सवय. त्या सवयीची लाज मला तेव्हा पहिल्यांदा वाटली.

दहाव्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. नीरफणसाची पाने खाली लोंबू लागली, आणि जेव्हॉनला ताप आला. आई त्याला घेऊन सकाळीच दवाखान्यात गेली. नोव्हलेट एकदा दाराकडे पाही, एकदा झाडाकडे. मग तिने मला उचलले आणि वळणाकडे पळाली. ओनील तिथेच होता. तो काहीतरी बोलला, मुले हसली. ती ऐकतच नव्हती. तिने तीन खेपा केल्या. तिन्ही वेळा गवत दूर केले, पाणी मुळाशी सोडले, गवत लोटले. शाळा बुडाली. मग ती मला हातात घेऊनच आत्यापुढे उभी राहिली. आत्या पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"आत्या, मी जेव्हॉनला मारलं."

"कधी? आत्ता तर घरी आला आणि माझी चप्पल चावत बसलाय."

"नऊ दिवस झाडाला पाणी नाही घातलं. नुसतं गवतावर शिंपडलं. म्हणून त्याला ताप आला."

बाईंनी हातातली शेंग पुरी सोलली. "त्याला दात येतोय. नर्सबाईंनी बघितला. खालचा. कणीएवढा आहे."

"मग झाडामुळे नाही?"

"तुझ्या बापाचं झाड नारळाचं होतं. वादळात आडवं झालं. तेव्हा तो आत बसून जेवत होता. अजून जेवतोय."

नोव्हलेटने मला पायरीवर ठेवले. "मग तू तसं कशाला म्हणालीस?"

"चुकलं माझं. तू एवढं मनाला लावून घेशील असं वाटलं नाही," बाई म्हणाल्या. "पण पोरी, तो बोलायला लागला की एक दिवस विचारील, माझं झाड कुठंय? आमच्याकडे सगळेच विचारतात. त्याला काय दाखवायचं ते तू ठरव. बस आता, शेंगा सोल."

ना मार, ना ओरडा. मला पुन्हा खुंटावर ठेवले गेले, तेव्हा मी मनाशी म्हटले, संपले. भीती होती म्हणून पोर धावली. आता भीती गेली, कोण कशाला येते? माणसांचा माझा अभ्यास दांडगा आहे. गरज संपली की ती ज्या वेगाने निघून जातात, तो माझ्याइतका कोणी पाहिलेला नाही.

सकाळ झाली. ऊन कुंपणाशी आले. आणि अर्धी वेणी घातलेली, अर्धी राहिलेली नोव्हलेट आली, तिने मला काढले आणि चालू लागली. मित्रांनो, अभ्यास चुकल्याचा एवढा आनंद कोणाला झाला नसेल.

वळणावर ओनील होताच. "आज पण लागली?"

"हसून झालं असेल तर नळ धर. घट्ट आहे."

त्याने नळ धरला. का, ते त्यालाही कळले नसावे.

"तुझं झाड कुठलं रे?" तिने विचारले.

"आंबा. कुंपणापलीकडचा. बहुतेक."

"पाणी कोण घालतं?"

ओनीलने बराच विचार केला. "ते विचारायला पाहिजे," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो रंगाचा एक गंजका डबा घेऊन आला. त्या डब्याला कोणी हसले नाही. ह्या जगात न्याय नाही, तो असा.

झाडाचे मात्र ठीक नव्हते. एकेक करत सगळी पाने गळाली. शेंडा काळा पडला. उरली ती एक काठी. नोव्हलेटने त्या काठीला तीन आठवडे पाणी घातले. तिच्या बाबांनी एकदा सांगून पाहिले, "अगं, ते गेलं. नवीन लावू." ती म्हणाली, "लावा. पण ह्याला पाणी घालून झालं की."

मग एका शनिवारी बाई कांद्याच्या ओळीतले तण काढत होत्या. नजर इकडेतिकडे, हात आपोआप चाललेला. काठीपासून वीतभर अंतरावर गवतातून काहीतरी हिरवे वर आले होते. बाईंनी ते चिमटीत धरले.

"आत्या, सोड ते," नोव्हलेट म्हणाली. मी तिच्या हातात भरलेले होते; एक थेंब सांडला नाही.

"तण आहे गं."

"तण नाही. तो मुळातून आलेला फुटवा आहे. परवा नखाएवढा होता, काल बोटाएवढा. जेव्हॉनचा आहे."

बाईंनी चष्मा पुसून, वाकून पाहिले. चिमटी सोडली. मग आपले चार कांदे उपटून त्याला जागा करून दिली. आयसिल्डाबाईंना ओळखणाऱ्यांना विचारा, त्यांनी आयुष्यात कोणासाठी चार कांदे सोडले आहेत का.

म्हणून, मित्रांनो, मोठ्यांना सांगा की आम्हाला एक जिवंत गोष्ट आमची म्हणून द्या, आणि आमच्या नकळत तिला गुपचूप पाणी घालू नका. आणि तुम्ही, ती मिळाली की गवत वर करून बघा. वरून ओले दिसणे सोपे असते. भांडे कसले आहे, कोण हसते आहे, याचा झाडाच्या मुळाला पत्ता नसतो; त्याला फक्त आज कोणी आले की नाही एवढेच कळते.

एवढे थोर विचार मांडल्यावर एक बारीकशी विनंती. हल्ली मला पालथे घालत नाहीत; दुपारपासून शेजारची एक कोंबडी माझ्यात येऊन बसली आहे, आणि तिचा अंडी उबवायचा विचार दिसतो. तिला कोणीतरी उठवा. सकाळी मला कामावर जायचे आहे.