कापुलीच्या कार्डावरचा तिसरा रकाना

तयारी म्हणाल तर अमाब्लेची अगदी कडेकोट होती. फळांच्या दोन खोक्यांच्या फळ्या ठोकून त्याने कापुलीसाठी पेटी केली, आत स्वतःचा जुना लोकरी पोंचो अंथरला आणि तीन आठवडे त्या म्हाताऱ्या, लंगड्या कुत्रीला पेटीतच जेवायला घातलं. पहिले चार दिवस तिने पेटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग तो पत्र्याची ताटली चमच्याने तीनदा वाजवायला लागला. आता ताटली वाजली की बाईसाहेब आपणहून आत जाऊन बसत.

सगळं झालं आणि गाडी अडली ती कार्डावरच्या तिसऱ्या रकान्यात.

"पहिल्यात तिचं नाव, दुसऱ्यात तुमचं," मारिबेल म्हणाली. ती नगरपालिकेची जनावरांची डॉक्टर. तुंगुराहुआचा ज्वालामुखी डोंगर पुन्हा गुरगुरायला लागल्यापासून पायथ्याच्या गावांत घरोघर हिंडत होती. "तिसऱ्यात नदीपलीकडचं कुणीतरी. छावणीत माणसांबरोबर जनावरं घेत नाहीत, काका. ही त्या माणसाकडे जाणार."

"पोरगा आहे माझा. स्पेनला."

"समुद्रापलीकडचा काय कामाचा? नदीपलीकडचा सांगा."

"तसं कुणी नसलं तर?"

"असं कसं नसेल? एवढे केस पांढरे केलेत, एक माणूस नाही जोडलं?" ती हसली. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. "उद्या सकाळी ट्रक येतो. जनावरं आधी, माणसं नंतर. कार्ड अर्धवट असेल तर मला तिला चढवता येणार नाही. भरून ठेवा काका, कसंही करून."

ती गेली. अमाब्ले कार्ड मांडीवर घेऊन बसून राहिला.

मागच्या मोठ्या स्थलांतरात शिपाई म्हणाले होते, तीन दिवसांत परत याल. तीन दिवसांचाच प्रश्न, घर राखेल, म्हणून त्याने आपल्या तेव्हाच्या कुत्र्याला, सुल्तानला, दाराला बांधून ठेवलं. तीन दिवसांचे तीन महिने झाले. परत आला तेव्हा दोरी राखेखाली तशीच होती, गाठही तशीच, आणि गाठीच्या टोकाला जे होतं ते त्याने बायकोला पाहू दिलं नाही. तेव्हापासून घरात दोरी नव्हती. कपडेसुद्धा कुंपणावर वाळत. बायको जाऊनही आता पाच वर्षं झाली होती.

अमाब्ले डोंगरावर नजर ठेवणाऱ्या चौकीदारांपैकी होता. पगार नाही, फक्त एक वायरलेस आणि खिडकीतून दिसणारं डोंगराचं तोंड. गाव रिकामं झालं तरी त्याने शेवटपर्यंत थांबायचं. रोज संध्याकाळी सहाला शहरातल्या कचेरीतून रोलांदो एकेका चौकीला हाक मारी. अमाब्लेची चौकी सात. आठ नंबरची नदीपलीकडे, तार्हेलियाबाईंची. अकरा वर्षं तो रोज म्हणत आला होता, "डोंगर शांत, नवीन काही नाही," आणि पाठोपाठ बाईंचा आवाज येई, "डोंगर शांत, नवीन काही नाही." बायको गेली त्या संध्याकाळीही तो हेच म्हणाला होता. खोटं नव्हतं ते. विचारलं होतं डोंगराबद्दल.

सहा वाजले.

"चौकी सात, डोंगर कसाय?"

"धूर आहे, नेहमीचाच." अमाब्लेचा अंगठा बटणावरून उठेना. "मला चौकी आठला एक विचारायचंय."

"काका, हे चॅनेल डोंगरासाठी आहे, सोयरीक जमवायला नाही!" रोलांदो म्हणाला, आणि दोन-तीन चौक्या खिदळल्या.

अमाब्लेचे कान तापले. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. पण कापुली पेटीतून त्याच्याकडे बघत होती, म्हणून त्याने सगळ्यांच्या कानांवर ते घातलं: ट्रक, कार्ड, तिसरा रकाना.

वायरलेस खरखरला.

"तुमच्याकडे कुत्री आहे?" तार्हेलियाबाई म्हणाल्या. "कधीपासून?"

"नऊ वर्षं झाली."

"नऊ वर्षं! आणि रोज सांगता, नवीन काही नाही." त्या म्हणाल्या. "लिहा. तार्हेलिया पिल्को. खाते काय ती?"

त्याने सांगितलं. उकडलेले बटाटे, जवाचं पीठ, हाडांचा रस्सा. फटाक्यांना घाबरते. मागचा डावा पाय दुखतो. इतकं तो कित्येक महिन्यांत कुणाशी बोलला नव्हता. कुणी थांबवलंही नाही.

सकाळी ट्रक आला. अमाब्लेने ताटली वाजवली, कापुली लंगडत पेटीत जाऊन बसली, जेवण मिळेल म्हणून. मारिबेलने कार्ड वाचलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. ट्रक वळणाआड जाईपर्यंत आतून आवाज आला नाही. तो आला असता तर बरं झालं असतं, असं अमाब्लेला वाटत राहिलं, पण आवाज नव्हताच.

दुपारी चुलीपाशी ताटली दिसली. सगळं धाडलं होतं, पीठ, पाणी, राख उडाली तर तिच्या तोंडावर बांधायचं फडकं, आणि ताटली राहिली होती. तिचं काय करायचं ते न कळून त्याने ती घासली, पुसली आणि पुन्हा घासली.

सहाला तो म्हणाला, "डोंगर आज शांत. नवीन काही नाही."

"चौकी आठ?"

"डोंगर शांत," तार्हेलियाबाई म्हणाल्या. "पण कुत्री जेवत नाहीये. सकाळपासून दाराकडे तोंड करून बसलीय. रस्सासुद्धा हुंगला नाही. चौकी सात, काय करू मी?"

अमाब्लेने चुलीपाशी जाऊन ताटली आणली. त्याने वायरलेस टेबलावर ठेवला, एका हाताने बटण दाबलं, दुसऱ्याने चमचा घेतला आणि ताटली वाजवली. तीनदा.

बटण सोडून तो थांबला. रोलांदोने पुढच्या चौकीला हाक मारली नाही. कुणी हसलंही नाही.

"उठली," बाई हळूच म्हणाल्या. "आधी वायरलेस हुंगला. आता पेटीत गेलीय. जेवतेय."

मग म्हणाल्या, "उद्याही सहालाच वाजवा."