तिसऱ्या रांगेतली खाच

काकांनी पटाशी दाराच्या चौकटीच्या फटीत घातली आणि हातोडा उचलला, तोच पुतणी मध्ये येऊन उभी राहिली. पाठ चौकटीला टेकलेली, दोन्ही हात मागे.

"आधी सांगा, मग काढा."

"अगं, खालून वाळवीनं खाल्लीय. आणि काढायला बोलावलंस तूच."

ते खरंच होतं. पण सकाळपासून तिचं कशातच चित्त नव्हतं. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. घराचा इतिहास शोधायचा हे तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलं होतं, आणि तिच्या डोक्यात बसलेली गोष्ट सहसा उठत नसे. काका तिला चौकशीबाई म्हणत ते उगीच नाही. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची; समोरच्याला शेवटची ओळ दिसेपर्यंत भिंगं बदलत राहायची.

सुरुवात या चौकटीपासूनच झाली होती. आतल्या बाजूला मुलांच्या उंचीच्या खाचा होत्या. दोन रांगा छातीपर्यंत चढलेल्या, तिसरीत मात्र एकच खाच, जेमतेम कमरेइतकी. तिच्यावर कोरं लाकूड. वडील आणि काका तर दोघेच भाऊ. मग हे तिसरं कोण?

आत्याच असणार, असं तिनं ठरवून टाकलं. लहानपणीच गेलेली. जन्मनोंदणीच्या खिडकीवर खेटे घातले, वडिलांच्या शाळेत जाऊन आली, शेजारच्या म्हातारीला भंडावून सोडलं. हाती काही लागलं नाही, पण म्हणून आत्या मनातून जाईना. घराला रंग द्यायचा झाला की वडील रंगारी यायच्या आत चौकटीची ही बाजू कागद चिकटवून झाकत, कुणाला कारण न सांगता. दुःख असल्याशिवाय माणूस असं करतो का?

"तुमची बहीण होती ना?" तिचा आवाज चढला. "बाबा बोलले नाहीत. तुम्ही तरी बोला. माझी माणसं किती होती, एवढं तरी कळू दे मला!"

काकांना हसू आलं, पण तिचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं. हातोडा खाली ठेवला.

"ही चौकट आपली नाही गं."

"म्हणजे?"

"सुताराच्या घरात नवं लाकूड कधी पाहिलंस? रस्ता रुंद करताना मागची गल्ली पाडली, तिथून तुझ्या आजोबांनी आणली. गाडी ढकलायला मीच होतो. खाचा तिथल्या पोरांच्या."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"सगळ्या गावाला विचारत फिरलीस. मला आज विचारतेयस."

ती मटकन उंबऱ्यावर बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. इथे तर कळसाही परका निघाला. नसलेल्या आत्यासाठी तिला रडू आलं, आणि त्याचा रागही आला.

"ते तिसरं मूल... ते गेलं असेल?"

"जाईल कशाला? घर पडलं, माणसं हलली. पुढची उंची दुसऱ्या चौकटीवर मोजली असेल."

"मग बाबा कागद कशाला लावायचे?"

"आजोबांनी दादाला बजावलं होतं, ही बाजू तासायची नाही, रंगवायची नाही. ती पोरं कधी शोधत आली तर दाखवायला नको का?"

"आलं कोणी?"

काकांनी खाचांवरची धूळ तळहातानं पुसली.

"विचारायला आलेली तूच पहिली."

तिनं हात वर करून त्या एकट्या खाचेत बोट घातलं. वडिलांनी दर वेळी कागद कसा ताणून लावला असेल, ते तिला दिसलं. डोळे पुसून ती उठली आणि चपला शोधू लागली.

"गल्लीतली माणसं कुठे गेली, कुणाला माहीत असेल?"

"आता लगेच निघालीस?" काकांनी पिशवीतून करवत काढली. "जा बाई. वाळवी खालीच आहे. वीतभर कापतो नि नवा जोड देतो."

ती पायरीवरून परत फिरली.

"जोड तेवढ्याच मापाचा द्या हं, काका. त्यांची उंची चुकायला नको."